झाकण कुठे आहे?

प्रस्तावना

सिंधुदुर्गातल्या आमच्या जुन्या घरी चार वर्षांपूर्वी मैला उपसणारी गाडी बोलावली होती. चालकाने नळी उतरवता उतरवता विचारले, "झाकण कुठे आहे?" घरात कोणालाच सांगता येईना. टाकी बांधून घेणारे आजोबा गेले, बांधणारा गवंडीही गेला. काका म्हणाले न्हाणीघराच्या मागे, काकू म्हणाल्या तुळशीवृंदावनाच्या पलीकडे. मधल्या काळात अंगणाला फरशी बसली होती. शेवटी पहारीने फरशी ठोकत, पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकत, दोन तासांनी झाकण सापडले. तिथून विहिरीपर्यंत दोर धरून मोजले, तर अंतर भरले जेमतेम सात मीटर. टाकी झाल्यापासून सत्तावीस वर्षे त्याच विहिरीचे पाणी आम्ही पीत होतो.

या पुस्तकाचे मूळ त्या दोन तासांत आहे. स्थापत्य अभियंता म्हणून मी इतरांच्या घरांचे नकाशे काढत आलो. प्रत्येक नकाशाच्या एका कोपऱ्यात टाकीचा चौकोन काढला आणि पुढे त्या चौकोनाचे काय होते, हे पाहायला कधी परत गेलो नाही. त्यानंतर मात्र जात राहिलो. गावोगावच्या टाक्या पाहिल्या, गवंड्यांशी, गाडीवाल्यांशी, स्वच्छता निरीक्षकांशी बोललो, नियमांची पुस्तके चाळली. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली आणि हे सारे पुस्तक तिच्याभोवती उभे आहे. आपल्या राज्याचा नियम सेप्टिक टाकीकडे एकदाच बघतो, नकाशा मंजूर होतो त्या दिवशी. टाकी मात्र तिथून पुढे तीस-चाळीस वर्षे चालते. ती कधी भरली, तिचे पाणी कुठे मुरले, गाळ कोणी काढला, नेऊन कुठे ओतला, याची नोंद बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसते.

हा विषय काही मोजक्या घरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागातली ३२.७ टक्के कुटुंबे भुयारी गटाराला जोडलेली होती, तर ३८.२ टक्के कुटुंबांच्या संडासाखाली सेप्टिक टाकी होती. शहरांतसुद्धा टाकीचे पारडे गटारापेक्षा जड आहे. आपल्याकडे मोठ्या महानगरपालिकांच्या जुन्या वस्त्या सोडल्या, तर तालुक्याची गावे, नगरपंचायती, शहरांना चिकटून वाढलेल्या नव्या वसाहती आणि खेडी यांचा भार मुख्यतः टाक्यांवर आणि खड्ड्यांवर आहे. भुयारी गटाराला नळांचे जाळे लागते, पंप लागतात, वीज लागते, शेवटी शुद्धीकरण केंद्र लागते. लहान गावाला ते परवडत नाही. व्यवस्थित बांधलेली, वेळेवर उपसलेली टाकी ही अशा गावासाठी पूर्ण प्रतिष्ठेची व्यवस्था आहे. "गटार येईपर्यंत चालवून घ्यायची सोय" म्हणून तिच्याकडे पाहणे सोडले, तरच तिची नीट निगा राहील.

टाकीच्या आत काय घडते, हे आधी पाहू. संडासातून आलेला मैला टाकीत स्थिरावतो. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेलकट, हलका भाग वर तरंगतो, त्याची साय धरते. मध्ये त्यामानाने निवळ पाणी राहते. हवा नसलेल्या त्या अंधारात जगणारे जिवाणू गाळ हळूहळू पचवतात आणि वायू सोडतात. टाकीतली मधली भिंत आणि तोंडाशी खाली वळवलेला नळ यांचे काम एकच, साय आणि गाळ अडवून फक्त मधले पाणी पुढे जाऊ द्यायचे. पाण्याला टाकीत निदान एक दिवस तरी थांबायला मिळाले पाहिजे. गाळ साचत जातो तशी पाण्याची जागा आणि थांबण्याचा वेळ दोन्ही घटतात. मग एक दिवस गाळच पाण्याबरोबर बाहेर पडू लागतो. घरात काही तुंबत नाही, वासही येत नाही, म्हणून टाकी चांगली चालली आहे असे वाटत राहते. प्रत्यक्षात ती केव्हाच टाकी राहिलेली नसते, मैला वाहून नेणारी एक रुंद नळी झालेली असते.

आणि टाकी नीट चालली, तरी तिच्यातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ नसते. रोगजंतू त्यात भरपूर असतात. टाकी अर्धेच काम करते, उरलेले अर्धे जमिनीने करायचे असते. पाणी शोषखड्ड्यातून मातीत झिरपते, माती ते गाळते, मातीतले जीव जंतूंना संपवतात. म्हणून सेप्टिक टाकी म्हणजे विटांची पेटी एवढाच अर्थ घेतला, तर निम्मी व्यवस्था नजरेआड होते. निम्मी टाकी आपली असते. निम्मी असते ती जमीन, आणि तिच्याखालचे पाणी शेजाऱ्याचेही असते.

आता आपली जमीन कशी आहे ते पाहा. कोकणात जांभा आहे, सच्छिद्र, भोकाभोकांचा. पाणी त्यातून भराभर उतरते, माती ते गाळेपर्यंत थांबतच नाही. पावसाळ्यात विहिरी काठोकाठ येतात, तेव्हा शोषखड्डा आणि विहीर यांच्यात कोरडा थर असा उरतच नाही. घाटावर वेगळी अडचण आहे. काळी माती पावसात फुगते आणि बंद होते, शोषखड्डा भरून राहतो, आणि वैतागलेला घरमालक टाकीचा नळ सरळ रस्त्याकडेच्या उघड्या गटाराला जोडून देतो. मातीखाली मुरूम असेल तर ठीक. पण राज्याचा मोठा भाग बसाल्टच्या कातळावर उभा आहे आणि ज्या भेगांमधून आपल्या विहिरींना, बोअरला पाणी येते, त्याच भेगांनी मैल्याचे पाणीही वाट काढते. सगळ्या महाराष्ट्राला एकच शोषखड्डा चालणार नाही, हे भूगोलच सांगतो. नियमाच्या पुस्तकात मात्र जांभा आणि काळी माती यांतला फरक फारसा उमटलेला नाही.

टाकीचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये ज्याँ-लुई मूरा यांनी घराखाली अशी बंदिस्त टाकी बांधून पाहिली. १८९५ मध्ये इंग्लंडच्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमरन यांनी ती सुधारून तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू गोळा करून कामाला लावला गेला. म्हणजे हे तंत्र आपल्याकडे जगाच्या मागून आलेले नाही. सव्वाशे वर्षे ते आपल्या दारात आहे.

नियमही आपल्याकडे आहेत आणि ते वाईट नाहीत. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २४७० हे मानक टाकी कशी असावी ते बारकाईने सांगते. आतली रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, धारणक्षमता किमान १ हजार लिटर, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटरच्या आत नसावा आणि राहत्या घरापासून ६ मीटरच्या आत नसावा. वायू जाण्यासाठी निदान ५० मिलिमीटर व्यासाचा नळ असावा, त्याच्या तोंडाला डास अडवणारी जाळी असावी. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मंजूर केलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही सेप्टिक टाकीचे नियम आहेत. बृहन्मुंबई आणि इतर काही क्षेत्रे वगळता ही नियमावली राज्यभर लागू आहे.

मानकातला एक आकडा मला फार बोलका वाटतो. पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची टाकी पुरते, मात्र ती दरवर्षी उपसायची. गवंड्याचा हिशेब याच्या नेमका उलटा असतो. "मोठी बांधा, पोरांच्या लग्नापर्यंत बघायला नको," असे सांगणारे गवंडी मला प्रत्येक जिल्ह्यात भेटले. त्यात लबाडी नाही, ती ग्राहकाचीच इच्छा आहे. टाकी विसरता यावी म्हणून ती मोठी बांधायची. पुष्कळदा तळाला काँक्रीट घालायचेच नाही, म्हणजे पाणी जमिनीत जाईल आणि टाकी भरणारच नाही. मग झाकणावर फरशी, फरशीवर गाडी लावायची जागा. उपसायला सोपी अशी लहान टाकी मानक सांगते, आपण विसरायला सोपी अशी मोठी टाकी बांधतो. नियम आणि व्यवहार यांची ताटातूट इथे होते.

ही ताटातूट टिकते, कारण तपासणारा एका दिवसाचा पाहुणा असतो. नकाशात टाकी दाखवली की परवानगी मिळते. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी टाकी बुजलेली असते, वर माती टाकलेली असते. आत मधली भिंत आहे का, तळ आहे का, हे कोण उघडून पाहणार? त्यानंतर तर तिच्याकडे बघायला कोणी येतच नाही. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ मध्येच केला, १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि १९७४ मध्ये केंद्राचा कायदा आला. पण त्या व्यवस्थेची नजर कारखान्यांवर आणि शहरांच्या मोठ्या नाल्यांवर राहिली. घरोघरची टाकी एकेकटी क्षुल्लक दिसते. हजारो टाक्यांची बेरीज एका नदीत होते, तेव्हा ती बेरीज कोणत्याच खात्याच्या टेबलावर नसते.

गाळ उपसला तरी प्रश्न संपत नाही. गाडी भरून निघते, ती कुठे जाते? टाकीतला मैलगाळ गटारातल्या सांडपाण्याच्या कितीतरी पट तीव्र असतो. जवळ प्रक्रिया केंद्र नसेल, तर रात्री एखाद्या ओढ्यात, माळावर, कधी शेतकऱ्याच्या सांगण्यावरून शेतात तो ओतला जातो. गाडीवाल्याला दोष देणे सोपे आहे, पण मग त्याने तो न्यावा कुठे? फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने मैलगाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, तेव्हा कुठे हा प्रश्न अधिकृत कागदावर ठळकपणे आला. महाराष्ट्रात त्याआधी हागणदारीमुक्तीची मोहीम जोरात होती. लाखो संडास बांधले गेले आणि ते चांगलेच झाले. पण संडास बांधणे हा कामाचा पूर्वार्ध होता.

या उत्तरार्धाचे एक खरे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कृष्णाकाठचे वाई, घाटांचे आणि विश्वकोशाचे गाव, आणि नाशिक जिल्ह्यातले सिन्नर. या दोन नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास ठरवले की टाकी तुंबली म्हणून घरमालकाच्या फोनची वाट पाहायची नाही. गावातली प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा, वेळापत्रकाने उपसायची. गाडी गल्लीगल्लीने फिरते. खर्च नगरपरिषदेच्या कराच्या उत्पन्नातून भागवला जातो, प्रत्येक उपशाला घरमालकाकडून वेगळे पैसे घेतले जात नाहीत. ठेकेदाराला उपसलेल्या टाक्यांप्रमाणे मोबदला मिळतो आणि गाळ गावाच्या प्रक्रिया केंद्रात जातो. यात भव्य असे काही नाही, म्हणूनच मला ते मोलाचे वाटते. वेळापत्रक करायचे तर आधी टाक्यांची यादी लागते, यादी करायची तर घरोघरी जाऊन झाकण शोधावे लागते. एकदा यादी झाली की गावाला प्रथमच कळते, आपल्या पायाखाली काय आहे. वर्षानुवर्षे खासगी समजलेली टाकी त्या यादीत येऊन सार्वजनिक होते.

उशिरा, तुंबल्यावर, घाईने उपसल्या जाणाऱ्या टाकीची सर्वांत मोठी किंमत घरमालक भरत नाही, टाकीत उतरणारा माणूस भरतो. साचलेल्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो, प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच जाते. धोका वाढतो आणि वास थांबतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. एकाच टाकीत दोघे, तिघे मेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. २०१३ चा हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, अंमलात आला. त्याच्या सातव्या कलमाने टाकी आणि गटार यांच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामाला लावण्यास मनाई केली आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही मनाई केवळ नगरपालिकेला नाही. माणसाला टाकीत उतरवणारा घरमालक आणि सोसायटीचा सचिवही तिच्या कक्षेत येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका इमारतीच्या टाकीत तिघे मेले. भरपाईसाठी त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले. हे वाचताना एकच विचार मनात येतो. ती टाकी वेळेवर, यंत्राने उपसण्याचा नियम असता आणि पाळला गेला असता, तर कोणालाही आत उतरावे लागले नसते.

आणि जो उतरतो तो कोण, हेही उघडपणे बोलले पाहिजे. या कामाला आपल्या समाजाने जात चिकटवली. ती तोडण्यासाठी याच मातीतल्या माणसांनी आयुष्ये वेचली. गाडगेबाबांनी गावोगाव स्वतः झाडू धरला. कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम स्वतःला मिळावे म्हणून उपवास केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब संडासाच्या तंत्रावर प्रयोग करत राहिले, कारण उपसण्याची पद्धत बदलली तरच उपसणाऱ्याचे जिणे बदलेल, हे त्यांना कळले होते. देहूच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. मापुसकरांनी सुरुवातीला बांधलेले संडास पावसाळ्यात ढासळले, तेव्हा अप्पासाहेबांचा 'सोपा संडास' त्यांच्या कामी आला. देहूतल्या त्यांच्या अनेक दशकांच्या कामाची दखल २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्रीने घेतली गेली. या माणसांनी मैल्याकडे तोंड फिरवले नाही. टाकीचा नियम लिहिणाऱ्याने आणि पाळणाऱ्याने त्यांच्याकडून निदान एवढे तरी घ्यावे.

मग राज्याने करायचे काय? माझे म्हणणे पुस्तकात सविस्तर आहे, इथे फक्त सूत्र सांगतो. टाकीला नियमाने तिच्या आयुष्यभर सोबत करावी. मातीने झाकण्यापूर्वी एकदा तपासणी व्हावी आणि तिचा फोटो दप्तरात राहावा. घरपट्टीच्या नोंदीत टाकीची जागा, माप आणि शेवटच्या उपशाची तारीख हे तीन रकाने असावेत. उपसा वेळापत्रकाने व्हावा आणि खर्च करातून भागावा, म्हणजे गरिबाच्या घराची टाकी सर्वांत शेवटी उपसली जाणार नाही. जवळच्या शहरातल्या शुद्धीकरण केंद्रात आजूबाजूच्या गावांचा गाळ घेतला जावा, म्हणजे प्रत्येक गावाला स्वतंत्र केंद्राचा खर्च पडणार नाही. जांभ्यावर, काळ्या मातीत आणि कातळावर शोषखड्ड्याचे नियम वेगवेगळे असावेत, आणि जिथे अंतर पाळणे शक्यच नाही, तिथे दोन-चार घरांनी मिळून एक नीट व्यवस्था करण्याला नियमाने वाट द्यावी. आजची दाट गावठाणे पाहिली तर १८ मीटरचा नियम कागदावर राहतो, कारण तिथे घराला घर लागून आहे. अशा ठिकाणी दंड करून काही होणार नाही, पर्याय द्यावा लागेल.

पुस्तकाचे चार भाग केले आहेत. पहिला भाग घर बांधणाऱ्यासाठी आणि गवंड्यासाठी, त्यात जमीन कशी तपासावी आणि टाकी कशी बांधावी हे आकृत्यांसह दिले आहे. दुसरा घरातल्यांसाठी, म्हणजे संडासात ॲसिड ओतल्याने टाकीतले जिवाणू कसे मरतात, टाकी भरल्याची लक्षणे कोणती, गाडी बोलावताना काय विचारावे. तिसरा सरपंच, नगरसेवक, मुख्याधिकारी आणि स्वच्छता निरीक्षकांसाठी, नियम आणि त्यांची अंमलबजावणी यावर. चौथा सफाई कामगारांच्या सुरक्षेवर. हा भाग शेवटी असला, तरी वाचकाने तो वगळू नये. कोणाला एकच भाग वाचायचा असेल तर तोच वाचावा.

आमच्या घरची ती जुनी टाकी आम्ही त्या वर्षीच्या पावसाळ्याआधी बंद केली. नवी टाकी विहिरीच्या उताराच्या बाजूला, मोजून वीस मीटरवर बांधली. झाकण फरशीच्या वर ठेवले, अंगणात शिरताच दिसेल असे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर काकू गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहितात, दुधाचा हिशेब मांडतात. आता जानेवारीच्या पानावर एक ओळ दरवर्षी उतरवून घेतली जाते, सेप्टिक टाकी शेवटी केव्हा उपसली ती. कॅलेंडर बदलते, ओळ पुढच्या वर्षात जाते. पुढच्या पिढीतल्या कोणी विचारले, झाकण कुठे आहे, तर घरातले लहान मूलही बोट दाखवील.